गमरे मॅडम आणि एकतीस सारखी मनं

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये टेबलं सहा आणि माणसं अकरा. माझ्या टेबलाचा उरलेला अर्धा भाग शीला गमरे मॅडमकडे आहे. मी अर्थशास्त्र शिकवतो, त्या मानसशास्त्र. बावीस वर्षं मागणी आणि पुरवठा शिकवल्यामुळे मानसशास्त्राला बाजारात मागणी नाही, हे माझं मत मी त्यांना पहिल्याच दिवशी ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खांबेटे सर, एवढं बोलताना तुम्ही पेनाचं टोपण चार वेळा काढलंत आणि लावलंत." तेव्हापासून मी बटणाचं पेन वापरतो.

मॅडम राहायला वर्तकनगरला. नौपाड्यातल्या आमच्या कॉलेजात येण्याआधी त्या कोलशेतच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होत्या. कामगार आला की त्याचं कार्ड पंच करायचं, उशीर झाला की कारण लिहून घ्यायचं, हे त्यांचं काम. माणूस उशिराचं कारण खोटं देतो, पण दर वेळी तेच खोटं देतो, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. कोणाची बायको कायम आजारी, कोणाचा टायर कायम पंक्चर. ही गोष्ट त्यांना इतकी रंजक वाटली की नोकरी सांभाळून त्यांनी बाहेरून एम.ए. केलं, नंतर बी.एड. केलं, आणि कारखाना बंद पडल्यावर आमच्याकडे रुजू झाल्या. माणसाच्या मनाचा अभ्यास पुस्तकातून नव्हे, पंचिंग मशीनपासून सुरू केलेली दुसरी बाई माझ्या पाहण्यात नाही.

अकरावीच्या प्रवेशाला एका मुलाचे वडील हातातला फॉर्म हलवत आले. "मॅडम, आमच्या घरात कोणी वेडं नाहीये. हा विषय कशाला हवाय?"

"घरात कोणी रागीट आहे?" मॅडमनी विचारलं.

वडिलांचा फॉर्म हलवणारा हात खाली आला. मागून आईचा आवाज आला, "अहो, भरा तो फॉर्म."

स्टाफरूममध्ये तर सगळ्यांनी त्यांना डॉक्टरच करून टाकलं होतं. कोणाची सून बोलत नाही, कोणाला लिफ्टची भीती वाटते. मॅडम वैतागून सांगायच्या, "मी शिकवते हो, तपासत नाही." अपवाद फक्त आमचा शिपाई दगडू. त्याला एकच स्वप्न पडायचं. तो तास बदलल्याची घंटा देतोय आणि तिचा आवाजच येत नाहीये. मॅडम उठल्या, व्हरांड्यात जाऊन घंटा पाहून आल्या आणि म्हणाल्या, "आतला लोलक सैल झालाय. बदलून घे." त्याने तो बदलला आणि स्वप्न थांबलं. दगडू तेव्हापासून त्यांचा चहा सगळ्यांच्या आधी आणतो.

आता मुख्य भानगड. बारावीच्या मुलांना जर्नल द्यावं लागतं आणि त्याचे गुण बोर्डाला जातात. आमच्याकडे जर्नल लिहीत नाहीत, उतरवतात. मागच्या वर्षीच्या ताईचं या वर्षीचा दादा उतरवतो. भूगोलाच्या जर्नलमध्ये एकदा चुकून उलटा काढलेला नकाशा आमच्याकडे सहा वर्षं उलटाच चालला. मॅडमना हे मान्य नव्हतं. त्यांनी बारावीला सांगितलं, "यंदा जुनं काही चालणार नाही. प्रत्येकाने स्वतःवर एक प्रयोग करायचा. उद्देश, गृहीतक, निरीक्षण, निष्कर्ष, आणि शेवटी आत्मनिरीक्षण. खरं लिहा. कव्हरवर नावसुद्धा घालू नका, कोणाच्या हाती लागलं तरी कळता कामा नये. नावाची चिठ्ठी फक्त मला देताना आत लावा."

मुलांना कळावं म्हणून त्यांनी आधी स्वतःवरचा प्रयोग वर्गात वाचून दाखवला. आठ दिवस त्यांनी स्वतःच्या रागाची नोंद ठेवली होती. एकूण सतरा वेळा चिडल्या. त्यातल्या अकरा वेळा त्यांना भूक लागली होती आणि चार वेळा खांबेटे सर बोलत होते. उरलेल्या दोन वेळांचं कारण कळलं नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. हे मला मुलांकडून कळलं. मुलं मला असल्या गोष्टी आवर्जून सांगतात.

जानेवारीतल्या एका मंगळवारी जर्नलांचा गठ्ठा आमच्या टेबलावर आला आणि माझ्या अर्ध्या भागावर सरकला. मॅडमनी वरचं जर्नल उघडलं. डोंबिवलीच्या प्रीतमचं होतं. सुरुवातीला त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मग चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागल्या.

"खांबेटे सर, डिसेंबरात तुम्ही जिन्यात कोणाला पंखा बंद करायला पाठवलंत?"

"मी रोज कोणाला ना कोणाला पाठवतो. वीज काय फुकट येते?"

"ऐका मग." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"उद्देश: मी वर्गात नसलो तर कोणाच्या लक्षात येतं का, हे पाहणे. गृहीतक: तीन दिवसांत कोणीतरी विचारेल. कृती: आठ दिवस डोंबिवलीहून वेळेवर निघालो, कॉलेजात आलो, पण वर्गात न जाता लायब्ररीत बसलो. निरीक्षण: पहिला दिवस, कोणी विचारलं नाही. दुसरा दिवस, मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये वर्गातल्या सगळ्यांच्या शेजारी बसून समोसा खाल्ला. कोणी विचारलं नाही. चौथा दिवस, खांबेटे सर जिन्यात समोर आले. त्यांचाच तास सुरू व्हायचा होता. ते थांबले. वाटलं, आता विचारणार. म्हणाले, 'वरचा पंखा चालू राहिलाय, बंद कर.' बंद केला. आठवा दिवस, कोणी नाही. महिनाअखेर लागलेल्या यादीत माझी हजेरी शंभर टक्के. निष्कर्ष: गृहीतक चुकलं. आत्मनिरीक्षण: मला वाटलं होतं की मला याचं काही वाटणार नाही. तेही गृहीतक चुकलं."

मी बटणाचं पेन किती वेळा दाबलं, ते मॅडमनी नक्की मोजलं असणार.

"प्रीतम?" मी म्हटलं. "तो वर्गात नसला तर दुपारी माझं डोकं दुखत नाही, एवढं मला कळतं. हा तो नव्हे."

मॅडमनी दुसरं जर्नल उघडलं. कल्याणहून येणाऱ्या संदेशचं. तोच उद्देश, तोच समोसा, तोच पंखा. तिसरं सान्वीचं, तसंच. शेवटच्या जर्नलापर्यंत आम्ही दोघांनी पाहिली. सगळ्या जर्नलांत मी जिन्यात भेटत होतो आणि पंखा बंद करायला सांगत होतो. प्रत्येकाने आपापलं स्टेशन किंवा बसस्टॉप तेवढा बदलला होता. स्वतंत्र विचार म्हणून काय तो एवढाच.

नेमके त्याच वेळी प्राचार्य आत आले. गठ्ठा दिसला की त्यांना चाळावासा वाटतो. मॅडम "सर, हे खाजगी आहे" म्हणेपर्यंत त्यांनी पाच जर्नलं वाचलेली होती. आमचे प्राचार्य गणिताचे. त्यांनी तिथल्या तिथे हिशेब मांडला.

"खांबेटे, एकतीस मुलं लेखी देतायत की ती डिसेंबरात आठ दिवस वर्गात नव्हती. तुमच्या हजेरीपटात सगळ्यांची शंभर टक्के. मग ते आठ दिवस तुम्ही शिकवत कोणाला होता?"

"सर, हे उतरवलेलं आहे!"

"कशावरून? आत प्रत्येकाची सही आहे."

मला मेमो मिळाला. मॅडमना तोंडी हुकूम मिळाला. सगळ्यांना शून्य द्या, आणि पुढच्या वर्षी हा विषय ठेवायचा की नाही ते बघू. एरवी मला आनंद झाला असता. पण मॅडम विषयाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

"शून्य देईन सर," त्या म्हणाल्या, "पण हे कोणीतरी एकाने खरं लिहिलंय. ते मूल मला सापडू द्या. शुक्रवारनंतर सगळी अभ्यासाच्या सुट्टीवर जातील. मग ते कॉलेजातून बाहेर पडेल ते हाच निष्कर्ष घेऊन."

प्राचार्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

बारावीचा वर्गशिक्षक मी, म्हणून मॅडमनी माझ्याकडे डिसेंबरचा हजेरीपट मागितला. त्यांचा विचार सरळ होता. सलग आठ दिवस कोण गैरहजर, ते पाहिलं की काम झालं. मी खण उघडायला जितका वेळ लावता येईल तितका लावला. हजेरीपटात पहिल्या तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत सगळीकडे पी, पी, पी. एकाच शाईत, एकाच तिरक्या हाताने.

"हे तुम्ही कधी भरता?"

"महिनाअखेर. एकदम. रोज नावं पुकारण्यात दहा मिनिटं जातात, आणि पुकारली तरी न आलेल्याच्या नावाला दुसराच कोणीतरी हजर म्हणतो."

मॅडमनी तारखांवरून बोट फिरवलं. "रविवारीही सगळे हजर आहेत." मग म्हणाल्या, "आमच्या टाइम ऑफिसला तुम्ही असता ना सर, तर मेलेला कामगारसुद्धा ओव्हरटाइम करत राहिला असता."

मला राग आला. पण तो पंखा आठवला आणि राग उतरला. त्या मुलाला वर्गाबाहेर पाहिलेला सगळ्या कॉलेजात मी एकटाच, आणि मला चेहरा आठवत नव्हता.

बुधवारी त्यांनी वर्गात तो उतारा वाचला आणि चेहरे पाहिले. काही उपयोग झाला नाही. "सगळे अपराधी दिसतात," त्या येऊन म्हणाल्या, "कारण सगळे अपराधी आहेत." मग त्यांनी जाहीर केलं की मूळ जर्नल ज्याचं असेल त्याने एकट्याने येऊन भेटावं. चौदा जण आले. मूळवाल्याला पूर्ण गुण मिळणार, अशी वर्गात बातमी पसरली होती.

मॅडमनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. "दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये काय खाल्लंस?"

"समोसा," चौदाही जण म्हणाले. तोंडी परीक्षेसाठी जर्नल पाठ करून ठेवलं होतं.

"कसा होता?"

"मस्त, एकदम गरम."

आमच्या कँटीनचा समोसा मधल्या सुट्टीत गरम मिळाल्याची नोंद इतिहासात नाही. चौदाच्या चौदा बाद झाले.

मग प्रीतमला बसवलं. "मॅडम, आईशप्पथ, मी संदेशचं छापलं." संदेश म्हणाला, सान्वीचं. सान्वी आणखी कोणाचं तरी म्हणाली. दुपारी तीनपर्यंत साखळी फिरून पुन्हा प्रीतमपाशी आली. शेवटी तो म्हणाला, "खरं सांगू का? बाकावर एक वही पडलेली, ब्राउन पेपरची. नाव नव्हतं. मीच पहिली उचललेली. भारी लिहिलेलं होतं म्हणून फिरवली. आता कोणाकडे आहे, आपल्याला खरंच आयडिया नाही."

"भारी होतं, तर कोणाचं असेल असं वाटलं नाही तुला?"

"नाही ना," प्रीतम म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्या पोराच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "सबमिशनच्या टेन्शनमध्ये डोक्यातच नाही आलं, मॅडम."

नाव घालू नका हा नियम मॅडमचाच. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाही नाही. मी न राहवून म्हटलं, "जेवा. नाहीतर अठराव्यांदा चिडाल." त्या हसल्या नाहीत.

गुरुवारी मी वर्गशिक्षक म्हणून गुणांची अंतिम यादी करत होतो. मॅडम अजूनही त्या गठ्ठ्यातली अक्षरं निरखत होत्या. मी कागद पुढे सरकवला. "इथे सही करा. या एकीचं शून्य तर नक्की आहे, त्यात वाद नाही. सोमवारी मुदत संपली तेव्हाच मी तिच्या नावाची नोटीस लावली."

"कोणाची?"

"रोल नंबर सत्तावीस. भोईर रुचिता. जर्नलच दिलेलं नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्याकडे. "जर्नलं एकतीस," त्या सावकाश म्हणाल्या. "वर्गात मुलं किती?"

"बत्तीस."

त्यांनी स्वतःच्या कपाळावर जोरात हात मारून घेतला. दगडू चहा घेऊन येत होता, तो दारातच थबकला. "बारा वर्षं कारखान्यात मी रोज संध्याकाळी कार्डं मोजून उठायचे," त्या म्हणाल्या. "कोणाचं कार्ड आलं नाही, ते आधी बघायचे. आणि इथे आलेलीच वाचत बसले!" मग आवाज खाली आला. "त्या आठ दिवसांत माझेही चार तास होते, सर. मलाही ती दिसली नाही. लाज वाटते मला."

मलाही वाटली. मी तसं बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

रुचिता आली. कोलशेत गावातली मुलगी, खांद्याला सॅक, हात पट्ट्यावर. मी तिच्याकडे नीट पाहिलं, आठवायचा खूप प्रयत्न केला. मला ती आठवली नाही. पंखा आठवला.

"जर्नल का नाही दिलंस गं?" मॅडमनी विचारलं.

"लिहिलेलं मॅडम. बाकावर ठेवून पाणी प्यायला गेलेली, आली तर गायब. सगळ्यांना विचारलं, पाहिली का. सगळे 'नाही' बोलले. सगळे लिहिण्यात बिझी होते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"बुधवारी तुम्ही वाचलंत ना, तेव्हा सांगणार होते. पण ते चौदा जण गेले. मी पंधरावी आले असते तर तुम्हाला खोटंच वाटलं असतं."

"कँटीनचा समोसा कसा होता?" मी मध्येच विचारलं. मला उगाच तोंड उघडायची सवय आहे.

"गार. आणि आत बटाटा कच्चा," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळून म्हणाली, "माझी वही एकतीस घरांत जाऊन आली, मॅडम. मी त्यातल्या एकाच्याही घरी गेलेले नाही."

मॅडमनी तिला खुर्ची दिली, स्वतःचा डबा तिच्यापुढे उघडला आणि दार लावून घेतलं. मी दगडूबरोबर व्हरांड्यात उभा राहिलो. पाऊण तास त्या दोघी आत काय बोलल्या ते मला माहीत नाही. मॅडमना मी विचारलंही. "खाजगी आहे," असं उत्तर मिळालं.

त्याच दुपारी मॅडम रुचिताला विचारून बारावीच्या वर्गात गेल्या. एकतीस जणांना सांगितलं की तुम्ही जे उतरवलंत ते गोष्ट म्हणून लिहिलेलं नव्हतं. ते तुमच्या पलीकडच्या बाकावर बसणाऱ्या रुचिताचं आहे, आणि ते तुम्ही स्वतःच्या हाताने, एकेक शब्द, लिहून काढलंत. जर्नल रद्द. शुक्रवारी वर्गात बसून प्रत्येकाने नवीन लिहायचं, आणि त्यावर गुण. प्राचार्यांनी ते मान्य केलं. मी मेमोला खरं उत्तर लिहून दिलं, की हजेरी महिनाअखेर भरण्याची माझी पद्धत आहे आणि ती आजपासून बंद आहे. त्यांनी त्यावर लाल शाईत 'रविवार?' एवढंच लिहून ते फाइलला लावलं.

शुक्रवारी सकाळी पहिला तास माझा होता. कित्येक वर्षांनी मी वर्गात हजेरीपट उघडला आणि एकेक नाव पुकारायला लागलो. मुलांना वाटलं, सर आजारी आहेत. मी प्रत्येक नावाला मान वर करून पाहत होतो. बारा नंबरच्या मुलाला मिशी आलेली होती, मला पत्ता नव्हता.

"सत्तावीस. भोईर रुचिता."

उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली. आमच्याकडे अशा वेळी मागून कोणीतरी बारीक आवाजात "हजर" म्हणतंच, तो आमचा रिवाज आहे. कोणी म्हणालं नाही. प्रीतम उभा राहिला.

"सर, रुचिता नाही आली."

"काल बोललेली येणार म्हणून," सान्वी म्हणाली. "सर, मी बघून येऊ लायब्ररीत?" आणि माझ्या परवानगीची वाट न पाहता तीन जण उठलेसुद्धा. संदेशने सॅकमधून ब्राउन पेपरची वही काढून तिच्या बाकावर ठेवली. वहीवर हळदीचे डाग होते. ती शेवटी कल्याणला त्याच्याच घरी सापडली होती. माझ्या हातून सत्तावीस नंबरच्या रकान्यात ए पडला. माझ्या हजेरीपटातला तो पहिला ए.

लायब्ररीत गेलेले तिघे हात हलवत परत आले. तोच ती दारात उभी. धापा टाकत होती. "सॉरी सर, माजिवड्याला ट्रॅफिक होता." एकतीस माना तिच्याकडे वळल्या आणि वळलेल्याच राहिल्या.

"अगं, कुठे होतीस?" सान्वी म्हणाली.

रुचिता तशीच दारात उभी राहिली. वर्गाकडे पाहिलं, बाकावरच्या वहीकडे पाहिलं, मग माझ्यापुढच्या हजेरीपटाकडे.

"सर, माझी ॲबसेंट लागली?"

"लागली होती," मी घाईने म्हटलं. "थांब, खोडतो. तू आलीस ना."

"नको सर," ती म्हणाली. "राहू द्या."

मी पेन खाली ठेवलं. तो ए अजून तसाच आहे.